इंजिनावरची हवा

शिवरे, ४ फेब्रुवारी २००२
जीपच्या इंजिनावर कॉम्प्रेसर बसवायला घेतला. भंगारातल्या कारच्या एसीचा. आज नुसतं मोजमाप. वेल्ह्याकडचे लोक पंक्चर झालं की ट्रॅक्टरचं चाक टेम्पोत घालून हायवेला आणतात, आपणच हवा घेऊन तिकडं जाऊ, असं सगळ्यांना सांगतो. खरं कारण विंझर. टायरच्या दुकानातले माझे जोडीदार तात्या दिवाळीपासून घरीच, विंझरला असतात.

७ फेब्रु.
ब्रॅकेट वेल्ड केला. इंजिनाची पुली आणि कॉम्प्रेसरची पुली एका रेषेत हवी. त्यासाठी दोरा धरून बघायचं. एक टोक मी, दुसरं तात्या, एकवीस वर्षं. आज दुसरं टोक चिकटपट्टीनं लावलं. तीनदा सुटलं. दोऱ्याला शिवी दिली. ऐकायलाही कुणी नाही.

१० फेब्रु.
पट्टा उडाला. पुली जरा आत आहे, परत खोलली. जेवलो नाही. बायको, शकीला, जाऊन तीन वर्षं होतील. तेव्हापासून तात्यांच्या डब्यात माझी भाकरी असायची. आता एकट्यासाठी चूल पेटवणं जिवावर येतं.

१३ फेब्रु.
लिहूनच टाकतो. आमची रीत अशी, की चाकाचे नट शेवटी ज्यानं आवळले त्यानं टायरवर खडूची खूण करायची. तात्यांची फुली, माझा गोल. दिवाळीआधी एका टेम्पोचं चाक नट सैल राहून निखळलं. नशीब, कुणाला लागलं नाही. दुकानात खबर आली तशी मी गिऱ्हाइकांदेखत तात्यांना बोललो, "तुमचे हात गेले, घरी बसा आता." त्यांनी हात पुसले, चालत स्टँडवर गेले. संध्याकाळी टेम्पो ओढून आणला, तर टायरवर गोल. फडक्यानं पुसून टाकला. अजून कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते.

१९ फेब्रु.
जमलं! पट्टा गप फिरतोय, टाकी भरतेय. हवेबरोबर तेल येत होतं, फिल्टर लावला. दोनदा हॉर्न वाजवला, आपलाच आपल्याला.

२२ फेब्रु., शुक्र.
जुम्म्याची नमाज करून विंझर. चौकात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं. दोन ट्रॅक्टर आले, माणसं जमली. तात्याही आले, लांबच उभे. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच सांगायचं ठरवून गेलो होतो. सांगितलं. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. मग इंजिन बंद केलं आणि मोठ्यानं परत सांगितलं, "तात्या, ते नट म्या आवळलं हुतं. गोल माझा हुता."

"म्हाईत हाय. यष्टीतनं जाताना दिसला की मला गोल, टेम्पो अन् चाक रस्त्यातच पडलेलं. तवापासनं वाट बगतूय, कवा सांगतूयस."

चार महिने! आणि मी इकडं कॉम्प्रेसर बसवत बसलो.

"दुकानावर येताय न्हवं?" विचारलं.

"घरी सून चा टाकतीया," म्हणाले. "चल."