लालबाग ते परळ, मागे न बघता

१० नोव्हेंबर, सोमवार

परळच्या कार्यशाळेने आकांक्षाला घेतलं! पाकिटं भरायची, स्टिकर लावायचे. अट एकच — १ डिसेंबरपासून एकटीने यायचं, एकटीने जायचं. पालक दारात बसलेले चालणार नाहीत. पोरगी सोळाची, आजवर एकटी गेलीय ती गॅलरीच्या टोकापर्यंत. मला आनंद व्हायला हवा. मी मात्र घर ते परळ किती सिग्नल लागतात ते मोजत बसलोय.

१२ नोव्हेंबर

कार्यशाळेच्या ऋता टीचर म्हणाल्या, रस्ता सांगू नका, दाखवा. व्हिडिओ करा. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं निसटतं, बघितलेलं राहतं. आमच्या आकांक्षाचं तसंच आहे. दात घासणं, वेणी घालणं, कुकर लावणं, सगळं मोबाईलवर बघून शिकली. बोलतेही तेवढंच — व्हिडिओतलं वाक्य, जसंच्या तसं. स्वतःचं असं काही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शूटिंग. मी पुढे चालतोय, आकांक्षाची आई सुभद्रा मागून मोबाईल धरून. चाळीचा जिना, मसाल्याची दुकानं, नाक्यावर शामरावांची नारळाची गाडी, सिग्नल, परळ. नाक्यावर एक बाईकवाला अंगावरच आला. तोंडातून गेलं, "डोळे फुटले काय रे?" सुभद्रा म्हणाली, राहू दे, परत कोण चालणार.

१९ नोव्हेंबर

शेण खाल्लं मी. आकांक्षा पुढे, आम्ही दोघं मागे. बिनचूक चालली. मिरच्यांपाशी माझ्यासारखाच रुमाल नाकाला. नाक्यावर थांबली आणि शामरावांकडे बघून — "डोळे फुटले काय रे?" ते बिचारे नारळ सोलत होते. सुभद्रा हसून हसून फुटपाथवर बसली. मीही हसलो. घरी आल्यावर चिडलो, कोणावर ते माहीत नाही.

२१ नोव्हेंबर

ते वाक्य कापलं. खरी गोची वेगळीच आहे. व्हिडिओत नाक्यावर मी मागे वळून बघतो — सुभद्रा येतेय ना? ती म्हणते "चला", मग मी सिग्नलकडे जातो. आता आकांक्षाही नाक्यावर वळते आणि मागून "चल" ऐकल्याशिवाय हलत नाही. मी लपतछपत मागे जातो, ओरडतो "चल", म्हणून भागतंय. मागे कोणी नसेल त्या दिवशी ती तिथेच उभी राहणार. भर नाक्यात, संध्याकाळपर्यंत.

आणि हे मीच शिकवलंय तिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

परत शूटिंग. मागे बघायचं नाही, एवढंच. दर वेळी बघितलं. सुभद्रा वैतागली — "मान आहे की टेबलफॅन?" मी म्हटलं, मग तूच चाल. ती सरळ चालत गेली. एकदाही वळली नाही. मला रागच आला तिचा.

२६ नोव्हेंबर

आकांक्षा सुभद्राचा व्हिडिओ दिवसभर बघते. तरी नाक्यावर वळतेच. ऋता टीचर म्हणाल्या, "अहो, तुम्ही मागे असता हे तिला कळतं. जाणं बंद करा." मी म्हटलं, मी लपून असतो. "या निळ्या शर्टात?"

२८ नोव्हेंबर

शर्ट बदलून गेलो. वळली. "चल" म्हणावं लागलं.

३० नोव्हेंबर, रविवार

उद्या. सुभद्राला शब्द दिलाय, घरीच थांबेन. जेवण गेलं नाही. कोणी हात धरला तर? सिग्नल बंद असला तर? बंद सिग्नलचा व्हिडिओ आपण केलाच नाही. आकांक्षा डबा धुऊन पुसून ठेवून मोकळी. सुभद्रा म्हणते, तिला नाही, तुम्हालाच भीती वाटते. वाटते. मग?

१ डिसेंबर, सोमवार

शब्द पाळला नाही. गेलो मागे, टेम्पोआड उभा राहिलो. नाक्यावर ती वळली. थेट टेम्पोकडे बघितलं. मी "चल" म्हणणार, तेवढ्यात तीच बोलली —

"पप्पा, घरी जा."

आणि गेली सिग्नलकडे. मी आलो घरी. ऋता टीचरांचा मेसेज आला, पोचली.

सगळे व्हिडिओ परत लावून बघितले. हे वाक्य कुठल्याच व्हिडिओत नाही.