बाईंचा नळ आणि माझं पत्रक

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी तुमच्या टेबलासमोर उभा आहे असं धरूनच लिहितोय. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, मला शिसारी आलीय. राजकारणाची आलीय, पुढाऱ्यांची आलीय, पण ते काय, कुठल्याही टपरीवरचा माणूस चहा पिता पिता सांगेल. मला माझीच आलीय. मी पुढाऱ्यांची भाषणं लिहितो, बाई. पत्रकं, जाहीरनामे, सगळं. कुठल्याही पक्षाचं. सकाळी अंधेरीत एकाचं, दुपारी मुलुंडला त्याच्या विरोधकाचं, आणि दोघंही पाठीवर थाप मारून म्हणतात, ‘सर, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत!’ हे मी शिकलो कुठे, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडेच.

घाटकोपरच्या डोंगराखालची आपली महापालिकेची शाळा, सातवीचा वर्ग. बाकीच्या शिक्षकांना नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाचं शेपूट, परीक्षेच्या आधी दोन तासांत उरकायचं. तुम्ही मात्र आम्हाला बाटल्या घेऊन शाळेमागच्या नळावर नेलंत. एक नळ, अख्खा वर्ग, आणि पाणी यायचं फक्त मधल्या सुट्टीपुरतं. तुम्ही म्हणालात, ‘पाणी थोडं, माणसं फार. आधी कोणी भरायचं? राजकारण म्हणजे एवढंच रे बाबांनो, बाकी सगळे झेंडे.’ मग खडूच्या डबीतून चिठ्ठ्या काढायला लावल्यात. ज्याला जी येईल ती बाजू त्याने मांडायची, आवडो न आवडो.

पहिल्याला उदारमतवाद आला. तो म्हणाला, ज्याची बाटली त्याची, प्रत्येकाला आपापलं ठरवू द्या, मारामारी झाली तरच बाईंनी मधे पडावं. साम्यवाद ज्याच्या वाट्याला आला त्याची बाटली नेमकी नवी कोरी होती. बाटल्या आणि नळ सगळेच सगळ्यांचे, असं बोलताना त्याने ती छातीशी घट्ट धरली होती, आणि तुम्हीसुद्धा पदर तोंडाला लावून हसलात. अराज्यवादवाला म्हणाला की मॉनिटर कशाला हवा, आपण आपसात समजून घेऊ. राष्ट्रवादवाल्याने आपला वर्ग आधी, बाजूचा वर्ग नंतर अशी आरोळी ठोकली आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. तुम्ही म्हणालात, ‘टाळ्या कुठे पडल्या ते लक्षात ठेवा.’ मला समाजवाद आला होता. तहान बघून पाणी द्या, आजारी असेल त्याला आधी, असं मी झकास बोललो, आणि स्वतःवर खूष होऊन बसलो.

शेवटची चिठ्ठी डोंगरावरच्या वस्तीतल्या एका मुलीची, परंपरावादाची. रांग पूर्वीपासून आहे तशीच ठेवा, मोठ्यांनी विचार करूनच लावली असेल, एकदम मोडली तर आहे तेही हातचं जाईल. हे सगळं तिने नीट सांगितलं आणि मग म्हणाली, ‘बाई, आता माझं बोलू? माझ्या आजीला गावच्या विहिरीला हात लावू द्यायचे नाहीत. कोणीतरी वरून ओतेपर्यंत ती बसून राहायची. रांगेत पहिला कोण, हे सगळे विचारतायत. रांगेत घेतलंच नाही तो कोण, ते आधी विचारा ना.’ आणि मी, तहान बघून पाणी वाटणारा समाजवादी, मागून ओरडलो, ‘मग तू शेवटी उभी राहा, सवय असेल तुला!’ काय हशा पिकला, बाई. लिहितानाही कान तापतायत.

चिडलात की तुमचं मालवणी बाहेर यायचं. ‘गप रव मेल्या!’ तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, ‘ती काय म्हणाली ते तिलाच सांग. ती हो म्हणेपर्यंत रोज सांगायचं. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगता येत नाही, तोवर त्याला खोडायचा अधिकार नाही तुला.’ पहिल्या दिवशी ती नळापाशी उभी राहून म्हणाली, ‘नाही, हे नाही म्हणाले मी.’ दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्या आजीपासून सुरुवात केली, थांबत थांबत बोललो, आणि ती म्हणाली, ‘हो. हेच म्हणाले मी.’ तुम्ही दुरून मान हलवलीत. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसला! तुमची ती शिक्षाच माझा धंदा झाली. कुणाचंही म्हणणं त्याला पटेल असं मला लिहिता येतं. तुम्ही ते खोडण्याआधी समजून घेण्यासाठी शिकवलं होतंत. मी ते विकायला काढलं.

गेल्या महिन्यात एका पक्षाने तिकिटासाठी इच्छुक असलेल्या लोकांना मनोरीच्या एका बंगल्यावर नेऊन ठेवलं होतं. समोरच्यांनी फोडू नयेत म्हणून सगळ्यांचे मोबाइल काढून घेतलेले. आता दोन दिवस ह्यांचं करायचं काय? तर मला बोलावलं, ‘विचारधारांची तोंडओळख’ करून द्यायला. ह्यांना, बाई! ज्यांनी पक्ष बदलताना शर्टसुद्धा बदलला नाही त्यांना! तळलेल्या बोंबलांच्या थाळ्या फिरत होत्या आणि मी तुमचा नळ सांगत होतो. रंगला कार्यक्रम. शेवटी एकाने बोटं चाटत विचारलं, ‘ते सगळं खरं सर, पण ह्यातलं आपलं कुठलं?’ त्यांचा नेता हसून म्हणाला, ‘आपल्याला सगळीच लागतात. सोसायटीत जुनी रांग सांगायची, वस्तीत तहान, आणि सभेत आपले आधी.’ बंगला टाळ्यांनी दणाणला. हसलो मीही. जाताना त्याने विचारलं, ही नळाची आयडिया कुठली? मी म्हणालो, माझीच. एका सेकंदात बोलून गेलो. तुमचं नाव ह्या लोकांच्या तोंडी नको म्हणून, अशी स्वतःची समजूत घालत फेरीबोटीत बसलो, पण ते खोटं आहे. मला शाबासकी हवी होती.

त्यांच्यातलाच एक आपल्या घाटकोपरचा. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात हजर. डोंगरावरच्या वस्तीला पाण्याची लाइन मंजूर व्हायच्या बेतात होती, आणि खालच्या सोसायट्यांना भीती की आपल्या नळाचा जोर जाईल. मतं ह्याला खालची हवी होती, पण वरच्यांचा शाप नको होता. ‘भांडण नको सर, समजूतदार लिहा.’ मी लिहिलं. पत्रकाच्या पहिल्या भागात वरच्यांचं म्हणणं असं मांडलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. दुसऱ्या भागात तुमची ती परंपरावादाची चिठ्ठी, जशीच्या तशी. पाणी द्यायलाच हवं, पण घाईने आहे ते विस्कटू नका, आधी अभ्यास होऊ द्या. सोसायटीतले लोक म्हणाले, किती संतुलित लिहिलंय! लाइनचा विषय समितीकडे गेला. अशा समितीकडे गेलेलं परत येत नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं.

परवा ती आली, शेवटच्या चिठ्ठीवाली. वस्तीची पाण्याची कमिटी तीच चालवते, हेही मला माहीत होतं, खोटं कशाला बोलू? हातात पत्रक. खुर्ची पुढे केली तर बसली नाही. पत्रकाचा पहिला भाग बोट ठेवून दाखवला आणि म्हणाली, ‘हो. हेच म्हणाले मी.’

तेच शब्द, बाई. तोच आवाज.

‘तेव्हा तीन दिवस लागले होते तुला,’ ती म्हणाली. ‘आता हात बसलाय.’

मी काय बोललो सांगू? ‘अगं, काम आहे यार ते. पर्सनल नको घेऊस ना.’ थू माझ्या जिनगानीवर.

‘मी कुठे पर्सनल घेतेय? माझी आई अजून हंडा घेऊन त्या पायऱ्या चढते, ते तू लिहिलंच आहेस, छान लिहिलंयस. मला एवढंच सांग, तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे? वर पाणी जावं की नाही?’

माझ्या तोंडात दोन्ही बाजूंची वाक्यं तयार होती, एकाहून एक सरस, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. तुम्ही थांबायचात तशी ती थांबली. मग पत्रक टेबलावर ठेवून निघून गेली. त्याच्याच कोऱ्या बाजूला मी हे लिहितोय. हे पाठवायचं तर खरं तिला पाठवायला हवं, डोंगर चढून हातात द्यायला हवं, आणि तेवढी छाती माझ्यात अजून नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही उलट बोलणार नाही, ही सोय आहे.

एक सांगायचं राहिलंय. त्या वर्षी वार्षिक परीक्षेत तुमचा शेवटचा प्रश्न होता, ‘ह्यातलं तुम्हाला काय पटलं, आणि का?’ माझा सगळा पेपर बरोबर, फक्त ती जागा कोरी. तुम्ही लाल शाईने लिहिलंत, ‘उत्तर राहिलं,’ आणि बोलावून कारण विचारलंत. मी म्हणालो, वेळ संपला. तुम्हाला खरं वाटलं असावं, तुम्ही पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, ‘पुढच्या वेळी ते आधी लिही.’

वेळ संपला नव्हता, बाई. दहा मिनिटं होती. मला उत्तरही येत होतं. ती शेजारच्या बाकावर होती, माझ्या पेपरात तिला दिसलं असतं की तिचंच म्हणणं मला पटलंय, एवढीच लाज वाटली.