पुढच्या दोन टायरांत काळे मणी

२८ एप्रिल, रविवार

आज सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, परत कवळी काढली. गाडीत चढले, कवळी रुमालात गुंडाळली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणाले, "हां, काढ आता." शरणापूरपर्यंत सगळं ठीक. पुढं रस्ता मोकळा झाला, काटा पन्नाशीकडं गेला आणि सुरू. आधी स्टिअरिंग, मग आरसे, मग आख्खं केबिन. हत्यारांच्या डब्यातले पाने नाचायला लागले. मामा दांडी धरून बोळक्या तोंडानं काहीतरी ओरडले. मला वाटलं 'हळू'. खाली उतरल्यावर कवळी घालून नीट सांगितलं, "हात कच्चा हाय तुझा. जुन्या ड्रायव्हरच्या हातात गाडी कवाच थरथरली नाय."

कशी थरथरेल? तेव्हा हे टायर होते कुठं! मुठीएवढ्या गट्ट्यांचे, माझ्या छातीपर्यंत येणारे हे राक्षस टाकले, त्याच आठवड्यात तो ड्रायव्हर सोडून गेला आणि मी बसले. टायर आणि मी जोडीनं आलो, आळ मात्र एकटीवर.

टायर काढायचे म्हणावं तर डोंगरावरच्या वस्तीला पाणी कोण नेणार? बाकीचे टँकर पायथ्याशी उभे राहतात. वर चढते ती फक्त आमची ही लिलावातली मिलिटरीची गाडी.

१ मे, बुधवार

सं.ला सुट्टी. वाळूजच्या कंपनीत दिवसभर मशीन बघतो म्हणून घरी आल्यावर नवऱ्याला कुठल्याच यंत्राबद्दल विचारायचं नसतं. तरी विचारलं. म्हणाला, "चाक एका बाजूला जड असणार. बॅलन्सिंग करून घे."

घेतलं असतं की! रफिकभाईंच्या टायरच्या दुकानात जाऊन आले. त्यांच्या मशीनवर हे धूड बसतच नाही. मागं रिंगला शिशाचे तुकडे ठोकून दिले होते, ते पहिल्याच खेपेत दगडांवर गेले. आज म्हणतात, "भाभी, इत्ते बडे टायर का बॅलन्सिंग अपने शहर में कोई नई करता. आदत डाल लो."

आदत कशाची? मामांनी फर्दापूरच्या एका ड्रायव्हरचं नाव काढलंय. तो पूर्वी लेण्यांच्या पर्यटकांची बस चालवायचा. तो आला की मी परत शाळेच्या व्हॅनवर. मोठ्या गाडीचं लायसन काढायला काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. मला ही सीट सोडायची नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच 'जाऊ दे' म्हणणार नाही.

दुपारी फोनवर एक व्हिडिओ सापडला. दाढीवाला परदेशी माणूस टायरच्या आत पांढऱ्या बारीक गोळ्या ओततो. सुट्या! चाक जोरात फिरलं की गोळ्या आपोआप जड बाजूच्या समोर जाऊन बसतात आणि वजन सारखं होतं. चार वेळा पाहिला. सं.ला उठवून दाखवला. तोही उठून बसला!

४ मे, शनिवार

त्या गोळ्या मागवल्या तर महिना लागेल. कुरिअरवाल्यानं तर 'बघू' म्हटलं.

आज एकादशी. सासूबाईंनी, आमच्या आत्यांनी, साबुदाणा निवडायला ताट पुढं दिलं. ताट जरा कलतं केलं, की सगळे दाणे सुळकन एका बाजूला. इकडं कलवलं, इकडं. तिकडं कलवलं, तिकडं. मी करतच बसले. आत्या म्हणाल्या, "अगं, निवडतीस का खेळतीस?"

हुबेहूब त्या व्हिडिओतल्या गोळ्या!! तसाच गोल, तसाच पांढरा. किराणा दुकान उघडं होतं.

५ मे, रविवार

रफिकभाई आधी हसले, मग चिडले.

"साबुदाना? टायर का रोजा है क्या?"

मी ताट नेलं होतं. कलवून दाखवलं. चाक फिरलं की दाणे आपली जागा आपण शोधतात, म्हटलं.

"दाने कू कैसा मालूम किधर जाना? स्कूल जाके आये क्या?"

तरी केलं. पुढच्या दोन्ही टायरांची कड रिंगवरून सोडवली, प्रत्येकात डबाभर ओतला, परत हवा मारली. दुकानातलं गिऱ्हाईक गोळा होऊन बघत होतं. एकानं विचारलं, शेंगदाण्याचा कूट नाही का घालत. घाल म्हटलं तुझ्या स्कूटरमध्ये.

६ मे, सोमवार

चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. मी दात आवळून बसले होते. पंचावन्न. काही नाही! साठ!! स्टिअरिंग हातात असं गप्प, जसं झोपलेलं पोर. मी एकटीच केबिनमध्ये मोठ्यानं ओरडले. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. बघू दे!

८ मे, बुधवार

वस्तीवरची गयाबाई नेहमी ड्रमापाशी पहिली उभी असते. एरवी गाडी घाटात असतानाच तिचा खडखडाट ऐकून बायका हंडे काढतात. आज पोचले तर कोणीच नाही. हॉर्न वाजवला तेव्हा गयाबाई पळत आली. "अगं माय, कवा आलीस? गाडी आल्याली कळलीच नाय!"

यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं.

संध्याकाळी मामांना सांगितलं, हात नाही, टायर होता. ते म्हणाले, "बसून बघतो. परवा तीज हाय, दिवस चांगला." मी फुशारकीत म्हणून गेले, "मामा, त्या दिवशी कवळी काढू नका."

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

काय लिहू.

आत्यांनी पहाटे पितरांसाठी मातीचे करे भरून पुजले. नळ आठवड्यानं येतो, म्हणून करे भरले तेही माझ्याच टँकरच्या पाण्यानं. मामा नवा सदरा घालून बसले. तोंडात कवळी. शरणापूर सोडलं. पंचेचाळीसला हादरा. वाटलं, खड्डा असेल. पन्नासला असली थरथर, की पूर्वीची बरी होती. आरसाच गळून पडला. मामांनी जीभ चावली. रक्त आलं. कवळी पायाशी पडली, सीटखाली गेली, ती हुडकायला गाडी बाजूला घ्यावी लागली. मागून हॉर्नवर हॉर्न. मी वाकून सीटखाली हात घालतेय आणि मामा तोंडाला रुमाल लावून रस्त्याकडं बघतायत.  ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्या आल्या फर्दापूरला फोन. तो वीस तारखेला, सोमवारी येणार. पक्कं.

तसे मामा वाईट नाहीत. लायसनच्या कागदांवर सही करायला सगळ्यांच्या आधी तेच तयार झाले होते. पडेगावच्या शेतात प्लॉट पडले त्या पैशातून ही गाडी घेतली, शेतानंतर त्यांना हीच काय ती उरली. म्हणूनच मला जास्त लागलं. मी रडले. सं.नं चहा केला, त्यात साखर विसरला.

११ मे, शनिवार

टायर उघडला. आत वास आला तो थेट फराळाचा! दाणे फुगून, शिजून, एकाच जागी चिकटलेले. हाताएवढा गोळा. रफिकभाईंनी बोटानं उकरला आणि म्हणाले, "लो भाभी, खिचडी तैयार."

मला हसू आवरेना. कालचं रडणं कुठं गेलं कोण जाणे. आणि एकदम डोक्यात आलं, साबुदाणा शिजायला पाणी लागतं! टायरात पाणी आलं कुठून? हवेतून. हवा कुठून? कॉम्प्रेसरमधून. मी म्हटलं, टाकीचा खालचा नळ उघडा. रफिकभाई म्हणाले, नक्को, उसमें कुच नई. उघडला. गढूळ, गंजकं पाणी भसाभस यायला लागलं. अर्धी बादली! आख्ख्या शहरात पाणी नाही आणि रफिकभाईंच्या हवेत पाणी.

रफिकभाईंनी बादली उचलली. मग म्हणाले, "ये झाड कू डाल देता मैं."

म्हणजे युक्ती चुकलेली नाही, माल चुकला. दोन-तीन दिवस गाडी लोण्यासारखी चालली होती, ते खोटं नव्हतं. न फुगणारं, न शिजणारं, गोल, बारीक काहीतरी पाहिजे. आठवडा आहे.

१३ मे, सोमवार

दिवसभर डोक्यात तेच. मोहरी? दळून जाईल. वाळू? गोल नाही. छर्रे? गंजतील.

रात्रीच्या भाकरी करताना आत्यांची पोत तुटली. काळे मणी फरशीभर. एक मणी घरंगळत पार उंबऱ्यापर्यंत गेला. मी भाकरी तव्यावर सोडून त्याच्या मागं. आत्या म्हणाल्या, "अगं राहू दे, सोन्याचा नाय तो. काचेचा हाय."

काचेचा! मी मणी पाण्याच्या तांब्यात टाकला, उकळत्या चहात टाकला, बत्त्यानं हाणला. तसाच. आत्या बघत होत्या. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"टायरला मंगळसूत्र घालतीस का काय!"

भाकरी जळली. तीच खाल्ली सगळ्यांनी.

१५ मे, बुधवार

आत्या स्वतः आल्या शहागंजला. त्यांचा जुना दुकानदार आहे. मी किलोनं मागितले तर त्यानं चष्मा काढला. "घरात लग्नं किती आहेत?" आत्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "दोनच. पण नवऱ्या लई अंगानं भरलेल्या हायेत."

बाहेर येऊन आम्ही दोघी रस्त्यावर पोट धरून हसलो. परत येताना रिक्षात आत्या म्हणाल्या, "ह्यांना वाटतं मी घाबरते गाडीला. मला कुणी गाडीत बस म्हणालंच नाय." मला हे सुचलं कसं नाही!

१६ मे, गुरुवार

रफिकभाई: "इसमें तो सुराख है." असू दे सुराख. वजन आहे, गोल आहे, बास.

या वेळी घाई नाही. टायर आतून कोरडे पुसले, उन्हात ठेवले. हवा मारायच्या आधी कॉम्प्रेसरची टाकी रिकामी केली. ती तर आता रफिकभाई रोज सकाळी करतात, झाड तरारलंय त्यांचं. मणी व्हॉल्व्हमध्ये अडकू नयेत म्हणून आतल्या तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी बसवली. ती कल्पना त्यांची, मान्य.

टायर हळू लोटला की आतून सरसर आवाज येतो, पोरांच्या खुळखुळ्यासारखा. रफिकभाईंनी दोनदा लोटून ऐकला. मग तिसऱ्यांदा.

१८ मे, शनिवार

काल तीन खेपा, आज दोन. साठला गप्प. भरलेली गप्प, रिकामी गप्प, उन्हात तापल्यावर गप्प! पण या वेळी ओरडले नाही. साबुदाण्यानंही दोन-तीन दिवस साथ दिली होती. दुपारी रफिकभाईंकडं थांबून एक टायर मुद्दाम उघडायला लावला. मणी कोरडे, सुटे, चकचकीत. रफिकभाईंनी ओंजळीत घेऊन दाखवले, जसे काही त्यांनीच पिकवले. तेव्हा मी ओरडले.

मामांना 'उद्या बसा' म्हणायला तोंड नव्हतं. आत्याच जेवताना म्हणाल्या, "उद्या आपण तिघं जाऊ वस्तीला. मी पण येणार." मामांनी जिभेवरची जखम दाताखाली चाचपल्यासारखं केलं. म्हणाले, "ड्रायव्हर परवा येतोय. आता काय बघायचं राहिलं?" पण नाही म्हणाले नाहीत.

१९ मे, रविवार

हात अजून थरथरतायत, आणि या वेळी खरंच हातच.

आत्या मध्ये, मामा खिडकीशी. चढल्या चढल्या मामांनी कवळी काढली. रुमालात गुंडाळली, वर गाठ मारली, खिशात घालून खिसा हातानं दाबून धरला. मी चावी फिरवली.

शरणापूर. चाळीस. आत्यांनी डोळे मिटले. पंचेचाळीस, तीच जागा, जिथं आरसा गळाला होता. मामांनी दांडी धरली. पन्नास. पंचावन्न. नवा आरसा स्थिर, आरशात मागचा डोंगर स्थिर. साठ. डब्यातले पाने गप्प. आत्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. "आता कुठं आलो? इतकं उंचावरून दिसतंय व्हय सगळं!" नव्या प्लॉटांच्या पाट्या, सुकलेलं तळं, सगळं बोट दाखवून सांगत सुटल्या.

मी समोरच बघत होते, पण कानानं ऐकलं. मामांनी दांडी सोडली. गाठ सोडली. रुमाल झटकला. आणि चालत्या गाडीत, साठच्या वेगात, कवळी तोंडात घातली. दोनदा दात वाजवून बघितले.

मग नीट, स्पष्ट शब्दांत म्हणाले, "पळव की अजून जरा."

एवढंच. वस्तीवर पाणी सोडलं, गयाबाईनं चहा दिला, परत आलो. परतीच्या वाटेवर मामा आणि आत्या गुळाच्या भावावर भांडले. ड्रायव्हरचं नाव नाही, माझं नाही, टायरचं नाही. मी पण विचारलं नाही. विचारायचं तर होतं.

२० मे, सोमवार

सकाळचे सात. फर्दापूरचा ड्रायव्हर ओट्यावर बसून चहा पितोय. भला माणूस दिसतो. गाडीला एक चक्कर मारून आला, टायर थोपटला, कान लावून म्हणाला, "आत काय वाजतंय?" आत्या आतून म्हणाल्या, "लग्नाचं हाय ते."

मामा पूजेला बसलेत. आज पूजा लांबलीय. चावी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला, रोजच्यासारखी. त्यांची कवळी मात्र वाटीत नाही, तोंडात आहे. पूजेला ते कधी घालत नाहीत.

मी बूट घालून बसलेय. घंटी वाजली. मामा उठले बहुतेक.