तुझं 'जरासाच' दुखणं

प्रिय आबा,

तुला जाऊन चार महिने झाले. आज गव्हाणहून आत्या आली आणि चहा पिता पिता एक गोष्ट बोलून गेली, म्हणून लिहितेय. कालपर्यंत माझा तुझ्यावर राग नव्हता. आता आहे!

"तुजा बापूस तुला जरासाच दुखतं सांगायचा ना? तू कालेजात गेलीस का भिंतीला डोका टेकून रडायचा. शपथ घातली व्हती मना."

आत्याला ठाऊक होतं. मलाच नव्हतं?

माझा फझी लॉजिकचा प्रोजेक्ट तुला समजावला होता, आठवतं? कॉम्प्युटरला एकतर 'हो' कळतं, नाहीतर 'नाही'. माणूस मात्र 'थोडं', 'बरंच', 'सोसवत नाही' असं बोलतो. हे शब्द एकमेकांत मिसळलेले असतात, आणि तसेच ते कॉम्प्युटरला शिकवायचे. उभा जन्म मिठागरात राबलेला तू, लगेच म्हणालास, "म्हंजे तुला पानी कडक, मना कोमट. दोगांचाबी खरा." आमच्या सरांनाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं!

मग तूच म्हणालास, "माजी कंबर दुखते हाय, माजीच नोंद घे." रोज सकाळी मी विचारायचे, "आबा, आज किती?" तू हसून सांगायचास, "जरासाच." मी त्याला शून्य ते एकमधला आकडा देऊन वहीत लिहायचे. पनवेलच्या डॉक्टरांना ती वही मीच दाखवली, केवढ्या अभिमानानं! ते म्हणाले, "वाढत नाहीये, गोळ्यांवर बघू." मणक्यातली गाठ सापडली तोवर फार उशीर झाला होता.

का रे असं केलंस? मी शिक्षण सोडेन म्हणून? सोडलं असतं! ते मी ठरवलं असतं, आबा. तू तुझं खोटं माझ्याच हातून लिहून घेतलंस.

आणि मी? चप्पल घालताना तू दाराची चौकट घट्ट धरायचास, ते बघत होते. तरी लिहिलं काय? 'जरासाच'.

सर मागेच म्हणाले होते, या नोंदी आजाराशी जुळत नाहीत, वगळ. नाही वगळणार. प्रोजेक्टच्या प्रबंधात स्पष्ट लिहीन, हा माणूस माझा बाप होता आणि तो माझ्याशी खोटं बोलत होता. आणि एक वचन देते. यापुढे कुणालाही 'किती दुखतंय' विचारण्याआधी त्याच्या पोराबाळांना खोलीबाहेर पाठवीन.

अजून रागावलेली,
तुझी मयुरी