खालची बाजू

९ नोव्हेंबर
ताप उतरला. मांड्या मात्र ठणकतायत, कुणीतरी बडवून काढल्यासारख्या! धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, आज झोप." झोपतोय कसला! तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवायचंय. घाम निघाला की अंग मोकळं होतं — आम्हा सामान वाहणाऱ्यांचं औषध तेच. जिन्यात खालची बाजू थोरल्याची. सगळा भार खालच्यावर येतो.

१० नोव्हेंबर
कपाट उतरलं. मी जिन्यातच बसलो. लघवी काळ्या चहासारखी!

१२ नोव्हेंबर
हॉस्पिटल. सलाईनवर सलाईन. डॉक्टरीणबाईंनी झाडलंच — "व्हायरसने स्नायू आधीच पोखरले होते, त्यात कपाट उचललंत? फुटलेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडात अडकलाय!"
मी एवढंच विचारलं, पुन्हा वजन उचलता येईल ना? म्हणाल्या, स्नायूच्या कडेला काही पेशी झोपलेल्या असतात. मार बसला की जाग्या होतात, नवे धागे तयार करतात. पण घाई केलीत तर सगळं मुसळ केरात.
धाकटा म्हणाला, "म्हणजे दादापेक्षा त्याच्या मांड्यांना अक्कल जास्त!" हसतानाही दुखलं. गाढव!

२४ नोव्हेंबर
घरी. खुर्चीतून उठायला आईचा हात लागतो. चाळिशीत! मेल्याहून मेल्यासारखं होतं. धाकट्याने कामाला दुसरा जोडीदार घेतलाय. खालच्या बाजूला आता धाकटाच असतो.

८ डिसेंबर
एकटा उठलो! आई रडली.

१५ डिसेंबर
धाकट्याचं अंग तापलंय. म्हणतो, "नुसती कणकण आहे रे." मी ओरडलो — माझं काय झालं ते पाहिलंस ना! "माझ्या मांड्या ठणठणीत आहेत, बघ," म्हणून माझ्यासमोर दोन उठाबशा काढल्या आणि गेला कामावर. ऐकेल तर शपथ! जीव थाऱ्यावर नाही.

१७ डिसेंबर
सोफा उतरवताना धाकटा जिन्याच्या वळणावर कोसळला. हॉस्पिटलात मशीनवर ठेवलंय. व्हायरस हृदयाच्या स्नायूत शिरलाय म्हणे. मी डॉक्टरीणबाईंच्या मागेच लागलो — त्या झोपलेल्या पेशी, त्यांना जागं करा ना! त्या म्हणाल्या, "हृदयात तशा नसतात हो."

१८ डिसेंबर
गेला.

१९ डिसेंबर
त्याला घरातून खाली न्यायचं होतं. शेजारी म्हणाले, "तुम्ही राहू द्या, तुम्हाला वजन मना आहे." जिन्यात खालची बाजू मीच धरली. मांड्या लटपटल्या नाहीत.