शेवटच्या जर्दाळूपर्यंत पाणी पोचवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, पाणीवाटप विभाग,
आल्काद्रे नदी खोरे कार्यालय.

विषय: दिवंगत हिनेस लोरेंते, राहणार बेनिमूर, यांच्या वाट्याचे निरोपाचे पाणी एक तास सोडणेबाबत.

संदर्भ: १) आपले हक्क-समाप्तीचे पत्र, जानेवारी २०२३.
२) आमचे एप्रिल, जून व जुलैचे अर्ज.
३) ऑगस्टमध्ये कार्यालय सुट्टीवर असल्याचे आपले उत्तर.

महोदय,

१. दुष्काळ-करारावर सही करून हिनेस लोरेंते यांचा काय फायदा होणार होता ते आधी मांडते, म्हणजे त्यांनी लोभापायी सही केली असा कोणाचा समज असल्यास तो दूर होईल. करारानुसार आम्ही बेनिमूरच्या लाभधारकांनी तीन वर्षे पाटाला पाणी घ्यायचे नव्हते. ते नदीतच राहून मुखाजवळच्या खाजणापर्यंत, म्हणजे खाऱ्या दलदलीपर्यंत, जाणार होते. मोबदल्यात आमचे हक्क आपल्याकडे सुरक्षित राहणार होते आणि खाजणात पुन्हा वाम मासळी येणार होती. हक्क सर्वांनाच हवे होते. वाम फक्त हिनेसकाकांना हवी होती. लहानपणी वडिलांबरोबर तिथे जाऊन त्यांनी ती पकडली होती, एवढ्यावर त्यांनी एक्केचाळीस जर्दाळूंची तीन वर्षांची तहान पणाला लावली. व्यवहार म्हणून पाहिले तर असा माणूस माझ्या खानावळीत उधारीलाही पात्र ठरला नसता.

२. सभा माझ्याच खानावळीत झाली. आपले अभियंते श्री. बेल्त्रान यांनी नकाशे टेबलावर पसरले आणि आमचा सशाचा भात दोनदा मागून घेतला. डोंगरावर पूर्वीसारखा बर्फ पडत नाही, उन्हाळा दोन्ही बाजूंनी लांबला आहे, नदीत जे आहे ते सर्वांनी मिळून पुरवायचे आहे, असे ते म्हणाले. त्यात खोटे काहीच नव्हते. पाटाचे दार सांभाळणारे श्री. आबेयान एवढेच म्हणाले, "हिनेसकाका, तुमची झाडं तहानेनं मरणार आणि मासे पोहणार, हा कुठला न्याय?" त्यावर काका म्हणाले, "तुझ्या बापानं वाम खाल्ली होती. तू नाही खाल्लीस, म्हणून तू असा कोरडा. हात वर कर." आणि स्वतःचा हात त्यांनी सर्वांच्या आधी वर केला.

३. पुढे झाले ते असे. नदीच्या जुन्या नियमानुसार एखाद्या बंधाऱ्याने न उचललेले पाणी 'उरलेले' ठरते, आणि उरलेल्या पाण्यावर खालच्या बंधाऱ्याचा हक्क असतो. आमच्या खाली लिंबांची नवी मोठी बाग आहे. त्यांनी नियमाप्रमाणे दार उघडले आणि आम्ही खाजणाला दिलेले पाणी लिंबांना गेले. याला चोरी म्हणता येणार नाही. आपण करार लिहिताना तो नियम पाहिला नाही, आणि आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत असूनही सही करताना आम्हाला आठवला नाही. दान दिलेले पाणी कोणी उरलेल्यात मोजील असे मनातच आले नाही.

४. झाडे पावसावर तगतील, कारण वार्षिक सरासरी पुरेशी आहे, असे करारात म्हटले होते. सरासरीबद्दल आमची तक्रार नाही. दोन वर्षे पाऊस आला नाही आणि तिसऱ्या वर्षीचा सगळा एका दुपारी येऊन रस्ता घेऊन गेला. सरासरी जुळली असावी.

५. यंदा जानेवारीत आपले पत्र आले, की सलग तीन वर्षे पाणी न वापरल्याने आमचे हक्क संपुष्टात आले आहेत. ते आपल्याच विनंतीवरून वापरले नव्हते, हे आम्ही कळवले. त्यावर विनंती करणारा विभाग वेगळा आणि हक्क रद्द करणारा वेगळा, असे उत्तर मिळाले. ते पत्र हिनेसकाकांनी माझ्या खानावळीत उभ्यानेच वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाले, "दामियाना, फुएन्सांताला सांगू नकोस." मार्चमध्ये ते वारले. पत्र कोटाच्या खिशात त्यांच्या पत्नीला, फुएन्सांताबाईंनाच सापडले.

६. आता मुख्य विषय. आमच्या पाटाच्या नियमांत असे आहे, की लाभधारक वारला तर त्याची पाण्याची पुढची पाळी चुकवायची नाही. शेजाऱ्यांनी दारे धरायची आणि त्याच्या झाडांना पाणी द्यायचे. विधवेने शेताच्या खालच्या टोकाला उभे राहायचे. पाणी शेवटच्या झाडाच्या आळ्यात शिरले, की तिने "पोचलं" असे ओरडून सांगायचे. मगच दार बंद होते आणि मृताचे नाव पाटाच्या यादीतून निघते. पाणी पाटानेच आले पाहिजे. बादलीने झाडाला घातलेले चालत नाही.

७. त्या पाण्यासाठी मी तीन अर्ज केले. पहिल्यावर मृत्यूचा दाखला मागितलात, तो दिला. दुसऱ्यावर कळवलेत, की मृत व्यक्तीला पाण्याचा हक्क असू शकत नाही. तिसऱ्यावर, की अर्जदाराची सही चालणार नाही, स्वतः हक्कधारकाची लागेल. तोवर फुएन्सांताबाई घर सोडायला तयार नव्हत्या. त्यांची मुलगी एन्कार्ना हिचा उत्तरेहून रोज संध्याकाळी फोन यायचा, "आई, गाडी घेऊन येते, चल आता." बाई म्हणायच्या, "बाबांचं पाणी होऊ दे." त्यांना हृदयाचा त्रास आहे आणि आमच्याकडे यंदा रात्रीसुद्धा उकाडा उतरला नाही.

८. शेवटी १५ ऑगस्टला, मरियामातेच्या सणाला, आम्ही आमचेच पिण्याचे पाणी पाटाला द्यायचे ठरवले. ते आठवड्यातून दोनदा टँकरने येते. प्रत्येक घराने घागर आणली. आबेयान यांनी माझ्या खानावळीतून बुडबुड्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचा खोका उचलला. मी म्हटले, "अहो, ते कशाला?" तर म्हणाले, "काकांनी जन्मभर माझी थट्टा केली. जाताना त्यांनाही थोड्या गुदगुल्या होऊ देत." दारापाशी सगळे ओतले. पाटाच्या भेगांनी आधी पोट भरून घेतले. बुडबुडे फसफसले तेव्हा लोक हसलेही. पहिली ओळ भिजली, दुसऱ्या ओळीत मधल्या झाडापाशी पाणी थांबले. पुढे तीन ओळी होत्या आणि त्यांच्या पलीकडे काळ्या कपड्यांत, गवती टोपी घालून, फुएन्सांताबाई उभ्या होत्या. घागरी रिकाम्या झाल्या होत्या. कोणी हालेना. घरी जाऊ कसे, आणि तिला सांगू काय?

तेव्हा बाईंनी पायाशी पाहिले, तिथे धूळ होती, आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "पोचलं! दार बंद करा!"

आबेयान यांनी दार बंद केले. दारामागे काहीही नव्हते.

९. नियमानुसार विधवेचा शब्द अंतिम असतो, म्हणून पाटाची प्रमुख या नात्याने मी नोंद केली आणि नाव काढले. त्या रविवारी एन्कार्ना येऊन आईला घेऊन गेली. येथे प्रकरण मिटायला हवे होते. परंतु बाई तेव्हापासून चर्चमध्ये प्रसाद घेत नाहीत. नवऱ्याच्या मातीवर खोटे बोलले, असे त्यांचे म्हणणे आहे. फादरनी फोनवरून समजावले, की क्षमा झाली. त्या म्हणाल्या, "देवानं केली असेल. हिनेसनं नाही केली." त्या जेवत नाहीत असे एन्कार्ना सांगते. मला फोन करून बाई विचारतात, "दामियाना, ते अजून खोटंच आहे का गं?"

१०. तरी विनंती, की मूळ हक्काचा वाद बाजूस ठेवून फक्त एक तास पाणी सोडावे. झाडांसाठी हे मागत नाही. खालच्या दोन ओळी वाळल्या आहेत, त्यांना आता पाण्याचा उपयोग नाही. एका बाईने सांगितलेले खरे व्हावे, एवढ्यासाठी मागते. पाणी शेवटच्या आळ्यात शिरताच मी तिला फोन लावून तो पाटाशी धरीन आणि दार बंद करीन. एका तासातले उरले तर ते नियमाप्रमाणे खालच्या बंधाऱ्याला जाईल.

११. आपल्या वार्षिक अहवालात हा करार यशस्वी म्हणून दाखवला आहे. श्री. बेल्त्रान यांची राजधानीत बदली झाली, बढतीवर, आणि ते चांगले गृहस्थ असल्याने आम्हाला त्याचा आनंदच आहे. लिंबांचा हंगाम उत्तम गेला. खाजणाला काही मिळाले नाही, पण त्याने काही दिलेही नव्हते. आम्ही बेनिमूरकरांनी झाडे दिली, आणि त्यातली काही तशीही म्हातारी होती. ज्यांना जे द्यावे लागले ते त्यांना परवडले. परवडले नाही ते एका फुएन्सांताबाईंना, आणि त्यांच्याकडून आपण सर्वांनी मिळून त्यांचा खरा शब्द काढून घेतला.

आपली, अजूनही विश्वासू,

दामियाना ओर्तुन्यो
प्रमुख, बेनिमूर पाट लाभधारक मंडळ
बेनिमूर, ११ सप्टेंबर २०२३