मळवलेल्या गाड्यांची वाटणी

मी, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारागिराची विधवा आणि या दुमजली घराची एकटी मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. हे रागाच्या भरातही लिहिलेले नाही. भर केव्हाच ओसरला. राग राहिला आहे, आणि तो पूर्ण विचारांती ठेवलेला आहे.

हेतू आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणाला अर्थ लावत बसावे लागणार नाही. माझ्या पश्चात माझ्या धाकट्या दिरांच्या हाती यातले काही लागू नये, आणि त्यांच्या बायकोच्या हाती सगळे लागावे. मला मूलबाळ नाही. त्यामुळे सगळे आपल्याकडेच येणार असे दीर धरून चालले आहेत.

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात."

मी म्हटले, "मग वाचायचं काय त्यात?"

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाऊजींनी एकदा टाइप केलेला कागद आणला होता. "वहिनी, फक्त इथे सही करा, बाकीचं मी बघतो." चष्मा सापडत नाही असे सांगून मी तो परत पाठवला. चष्मा डोळ्यांवरच होता. तसला कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा.

२. ह्यांची हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, बारीक ड्रिल, चिमटे आणि ब्रश, कवळ्यांच्या प्रयोगशाळेत ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना द्यावीत. त्यांनी ह्यांचा डबा कधी गार होऊ दिला नाही. ज्या ब्रशच्या दांड्याला ह्यांनी निळा दोरा गुंडाळला आहे तेवढा घरातच राहील.

प्रयोगशाळेच्या मालकाला टेबलफॅन द्यावा. प्लास्टरची भुकटी बाहेर ओढून टाकणारा पंखा बसवतो, बसवतो, म्हणत त्याने ह्यांची सगळी नोकरी काढली, आणि निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर हा टेबलफॅन भेट दिला. तोवर ती भुकटी ह्यांच्या छातीत जाऊन बसली होती. पंखा मी एकदाही लावलेला नाही. खोक्यात आहे. पावतीवर त्याची सही घ्यावी.

३. जुन्या मोटारींवरची माझी पुस्तके कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावीत. माझी शाळा लवकर सुटली. मी वाचायला शिकले ते छोट्या गाड्यांच्या खोक्यांवरच्या अक्षरांवरून आणि ह्यांनी आणलेल्या मासिकांवरून, बोट ठेवून. अट एकच: पुस्तके मोठ्यांच्या कपाटात लावावीत. मागे मी दिलेली दोन ग्रंथपालांनी चित्रांच्या पुस्तकांत, सशाच्या गोष्टीशेजारी ठेवली होती. विचारले तर म्हणाले, "आजी, खेळण्यांची आहेत ना?" अट मान्य नसेल तर पुस्तके रद्दीवाल्याला द्यावीत. तो निदान वजन करून घेतो.

४. आता वरच्या खोलीविषयी.

त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल आहे आणि टेबलावर छोट्या आगगाडीची मांडणी आहे. छंदमंडळातले लोक तिला लेआउट म्हणतात. आम्ही गाव म्हणतो. दोन रूळ, एक स्टेशन, चौक, दवाखाना, बेकरी, हाताने फिरवायचा पेट्रोलपंप. डोंगर प्लास्टरचे आहेत, आणि ते प्लास्टर म्हणजे प्रयोगशाळेत काम झाल्यावर टाकून द्यायचे जबड्यांचे साचे. मोठ्या बोगद्याच्या कमानीत भाऊजींचा वरचा जबडा आहे. त्यांची कवळी ह्यांनीच बनवली होती. दिवसातून जितक्या वेळा गाडी सुटते तितक्या वेळा ती भाऊजींच्या तोंडातून जाते. हे त्यांना आजवर माहीत नव्हते. आता झाले.

पण गावाचा जीव आगगाडीत नाही, रस्त्यावरच्या मोटारींत आहे. सगळ्या जुन्या काळच्या: रुंद मडगार्डच्या, तारांच्या चाकांच्या, दाराखाली पाय ठेवायला फळी असलेल्या, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या. खोक्यातून निघाल्या की त्या चकचकीत असत. अशी गाडी आमच्या गावात उभी राहत नसे. ती आधी मळवावी लागे.

मळवणे हा आमच्या घरातला शब्द. गाडी कुठून आली ते मी ठरवायचे आणि चिखल हे लावायचे. मी म्हणायचे, "बेकरीची व्हॅन रोज मागे घेताना त्याच भिंतीला घासते." मग हे मागच्या मडगार्डवर विटेची पूड चढवायचे. मी म्हणायचे, "टॅक्सीत मागे बसलेली बाई रडत होती." हे काच खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "कशाला रडत होती ते नको सांगू, ब्रश हलेल." काजळी, खडू, गंजाचा रंग, वर दिसणार नाही असा रोगणाचा हात. एकेका गाडीला महिना जायचा. मला लिहिता येत नव्हते तेव्हापासून मी जे काही लिहिले ते त्या गाड्यांवर, ह्यांच्या हाताने.

५. तक्रार पुढीलप्रमाणे.

हे दवाखान्यात नळ्या लावून पडले होते तेव्हा मंडळाचे प्रदर्शन आले. भाऊजी मंडळाचे सचिव. फोनवर म्हणाले, "वहिनी, दादाचं काम लोकांनी बघायला नको का? चावी द्या, मी सगळं नीट नेतो." मी किल्ली पाठवते म्हटले आणि सांगितले, "भाऊजी, गाड्या मळवलेल्या आहेत, तेवढ्या जपून."

त्यांनी ऐकले, "मळलेल्या आहेत."

सगळ्या गाड्या त्यांनी परातीत घातल्या, भांड्यांचा साबण ओतला आणि दात घासायच्या ब्रशने घासून काढल्या. वर फर्निचरचे पॉलिश. पुढे म्हणाले, "वहिनी, तुम्हीच तर सांगितलंत ना, मळल्यात म्हणून?" एका 'व'चा प्रश्न. दवाखान्याच्या जिन्यात गोंगाट होता, फोन जुना होता, मीही थकलेली होते. तो 'व' मी त्यांना सोडून दिला असता.

जे सोडणार नाही ते हे. प्रदर्शनात मांडणीसमोर पाटी होती. वर मोठ्या अक्षरांत: संकल्पना व निर्मिती, आणि भाऊजींचे नाव. खाली बारीक: सहाय्य, आणि ह्यांचे. पहिले बक्षीस मिळाले. पेपरात फोटो आला. भाऊजी तो घेऊन दवाखान्यात आले, पेढे वाटायच्या उत्साहाने.

हे फोटोकडे बघत राहिले. तोंडावरची नळी बाजूला केली आणि म्हणाले, "गाड्या कुठायत?"

"दादा, या काय समोर! ओळखू येईनात ना? चकाचक केल्यात!"

ह्यांनी पेपर उलटा करून माझ्या हातात दिला. त्याआधी फोटोतली पाटी वाचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सहाय्य कुणी केलं म्हणे?" आणि हसले. हसल्यावर खोकला लागला. घरी आणल्यावर हे वर गेले नाहीत. जिना चढवत नाही म्हणाले. मी खुर्चीत बसवून चौघांकडून उचलून नेते म्हटले, तर म्हणाले, "राहू दे. धुतलेलं बघवणार नाही." महिन्याच्या आत गेले.

६. छंदमंडळाला बक्षिसाचा पेला परत द्यावा. तो माझ्याकडे कसा आला याची चौकशी करू नये. गाव, त्यातली कोणतीही इमारत, गाडी किंवा झाड मंडळाच्या कोणत्याही प्रदर्शनात कधीही ठेवू नये. अध्यक्ष महाशय भेटायला आले होते. म्हणाले, "वहिनी, नावांचं एवढं काय? कला महत्त्वाची." मी त्यांना विचारले, "मग पाटीवर तुमचं का नाही लिहिलं?" चहा अर्धा टाकून गेले.

७. माझे धाकटे दीर यांना पुढील दोन वस्तू द्याव्यात.

एक: ती पाटी. मी जपून ठेवली आहे. त्यांनी ती स्वतःच्या बैठकीत लावावी. मागे काहीही नसलेली पाटी लोकांना दाखवणे त्यांना जमेल.

दोन: सासऱ्यांनी दोघा भावांना आणलेले पहिले इंजिन. हे जाऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा भाऊजी मोजायची टेप आणि एक गिऱ्हाईक घेऊन वर चढले. मी आड आले तर म्हणाले, "वहिनी, लेआउट तसा बाबांचाच म्हणायचा. सुरुवात त्यांच्या इंजिनापासून झाली." खरे आहे. म्हणून इंजिन त्यांनी घ्यावे. रूळ मिळणार नाहीत.

८. हे घर, खालचे व वरचे, गाव, सगळ्या गाड्या आणि बँकेत असेल ती शिल्लक मी माझ्या धाकट्या जावेला देते. पूर्ण मालकीने, कोणाच्या संमतीची गरज न ठेवता. तिच्या नवऱ्याला या घरात राहण्याचा हक्क असणार नाही. गाव बघायला यायचे झाले तर तिला विचारून यावे, आणि हात मागे बांधून उभे राहावे. त्यांच्या मंडळात बायकांना तसेच उभे करतात.

तिलाच का, तेही लिहिते. भाऊजी गाड्या धूत होते तेव्हा ती तिथेच होती. तिने टॅक्सीवर बोट फिरवले आणि म्हणाली, "अहो, थांबा जरा. बोटाला लागत नाही ती धूळ कशी असेल? हे कुणीतरी लावलंय." भाऊजी म्हणाले, "तुला मोटारीतलं काय कळतं? परात धर." तिने परात धरली नाही. त्याच संध्याकाळी ती दवाखान्यात आली, मला जिन्यात गाठले आणि सगळे सांगितले. उन्हाळा होता. अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. मी हात धरायला गेले तशी तिने हात मागे घेतला. "परात धरली नाही ना," एवढेच म्हणाली.

त्यानंतर तिला माझ्याकडे यायची बंदी झाली. ती भाजीच्या पिशवीच्या आडून येते, उभ्याउभ्या. अशा उभ्या भेटींत आम्ही दोघींनी सगळ्या गाड्या पुन्हा मळवल्या. मी ब्रश धरते, आणि गाडी कुठून आली ते आता ती ठरवते. तिच्या गोष्टी माझ्यापेक्षा वाईट असतात. तिच्या गाड्या फार लांबून आलेल्या असतात. एकच गाडी आम्ही सोडली, डॉक्टरांची काळी. तिच्या डाव्या अंगाचा चिखल हा ह्यांनी लावलेला शेवटचा होता, तोही धुतला गेला. तिथे माझा हात चालत नाही. ती गावातल्या दवाखान्यासमोर आहे तशी धुतलेली उभी राहील. तिला कोणी हात लावू नये, धाकटीनेसुद्धा.

९. भाऊजी कोर्टात जातील. जाऊ देत. तिथे त्यांना हा कागद मोठ्याने वाचून दाखवतील, पाचव्या कलमासकट. म्हणूनच कारणे लिहिली.

१०. हे कलम वकीलबाईंनी नको म्हटले होते. काल धाकटी आली तेव्हा मी तिला इथवरचा सगळा कागद वाचून दाखवला. म्हटले, "घर तुझं आहे. मी मरायची वाट बघू नकोस. पिशवी इथेच ठेव आणि राहा."

 भाऊजींचे काय, लोक काय म्हणतील, असले काही विचारेल असे मला वाटले होते. तिने विचारले, "ताई, वरच्या खोलीला आतून कडी आहे का?"

नव्हती. या घरात आतून कडी लावायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

सबब, धाकटीचा या घरावरचा हक्क माझ्या मृत्यूपासून नव्हे तर कालपासून सुरू झाला आहे असे मी जाहीर करते. वकीलबाई म्हणतात की याला वेगळा दस्त लागेल. तो त्या करत आहेत. मी मरेपर्यंत भाऊजींना खाली दारात माझ्याशी बोलावे लागेल, आणि मी इतक्यात मरणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: करून देणारी.

साक्षीदार पहिले: सुतार. यांनी आज सकाळी वरच्या खोलीला कडी बसवली. आत उभे राहून, मला बाहेरून दार ढकलायला सांगून, बसली की नाही ते तपासले.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर, ज्यांचा दाखला जोडला आहे.

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे तो.

ठिकाण: राहते घर, खालची बैठकीची खोली. जिला मिळणार तिने सह्यांच्या वेळी समोर नसलेले बरे, म्हणून धाकटी वर आहे. कडी लावलेली आहे.